तक्त्यात कुणी जेवत नाही

संध्याकाळी जागेच्या दलालाचा फोन येणार होता, आणि दुपार कलली तरी कुणी विषयाला हात घातला नव्हता. जेवणं झाली, ताटं उचलली गेली, चहाही झाला. मंदीने रस्त्यावरच्या खोदकामाचा उद्धार केला. धाकट्याने बाळाच्या नव्या दातांचं कौतुक पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि दादाने, स्वतः दातांचा डॉक्टर असल्यामुळे, ते बोटाने चाचपून "जागेवर आहेत" असा निर्वाळा दिला. बाळाने त्याचं बोट कडकडून चावलं. सगळे हसले.

"आई," शेवटी मंदीच म्हणाली, "त्या माणसाला काय सांगणार आहेस तू?"

"तुम्ही काय म्हणताय ते ऐकून ठरवीन."

"म्हणजे दादा काय म्हणतो ते ऐकून."

"तू सुरुवातच भांडणाने कर," दादा म्हणाला.

"मी दिवसभर नवशिक्यांना गाडी शिकवते, दादा. समोर भिंत दिसली की ओरडायची मला सवय आहे."

भिंत सगळ्यांनाच दिसत होती. आईने या वेळी कुणाला न विचारता तळमजल्यावरच्या दोन खोल्या पसंत केल्या होत्या. समोर शाळेचं मैदान, मागे कपडे वाळत घालण्यापुरती मोकळी जागा, आणि एकही पायरी नाही. या भाड्याच्या, लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावरून खाली जायचं तर ती आता आदल्या दिवसापासून मनाची तयारी करायची. पैसे होते, पण ते सगळे बाजारात होते. निर्देशांकात ज्या कंपन्या असतात त्यांचे समभाग त्याच प्रमाणात घेऊन ठेवणाऱ्या, आणि समभागांसारखाच बाजारात केव्हाही विकता येणाऱ्या एका फंडात. थोड्या मुदतठेवी होत्या, त्याही गेल्या वर्षी दादाच्या सांगण्यावरून मोडून तिथेच गेल्या होत्या. आणि गेले दोन महिने निर्देशांक असा घसरत होता की जणू खाली कुणी दोर धरून ओढतंय. पाव हिस्सा गेला होता. आज विकलं तर घर येत होतं, पण मागे अगदी थोडं उरत होतं. थांबलं तर घर हातचं जात होतं, कारण दलालाकडे दुसरं गिऱ्हाईक उभं होतं.

"पडत्या बाजारात विकायचं नसतं," दादा म्हणाला. "एवढं तरी या घरात कुणाला सांगायला नको."

त्याने समोरची बिस्किटांची बशी बाजूला सरकवली. जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली बाबांचा तक्ता होता. बाबा वर्तमानपत्राच्या कचेरीत बाजाराच्या पानाचे आकडे लावायचे. उभं आयुष्य त्यांनी एकाच निर्देशांकाची नाडी धरून काढलं, आधीची वर्षं कचेरीतल्या जुन्या नोंदींवरून उतरवली, आणि दर वर्षअखेरीला घरच्या तक्त्यात एक ओळ वाढवली: वर्ष, निर्देशांक, परतावा. ते गेल्यावर ती ओळ दादा लिहू लागला. तिन्ही मुलं अंक शिकली ती या काचेवर ताट ठेवून. मंदीचं टोपणनावही तक्त्यानेच ठेवलं होतं. ती जन्मली ते वर्ष सगळ्या तक्त्यात वाईट.

"हे बघ. शंभराहून जास्त वर्षं आहेत. चारातली तीन चढती. सरासरी नऊ टक्के, त्यात दोन युद्धं आली, एक साथ आली, बँका बुडाल्या. तुझंच वर्ष घे ना. वजा छत्तीस."

"धन्यवाद."

"पुढची दोन? अधिक एकतीस, अधिक बावीस. खड्डा भरला."

"माझ्या मागून आलेल्यांचं नेहमी बरंच झालंय," मंदी धाकट्याकडे बघून म्हणाली. अधिक बावीस हे त्याचं वर्ष होतं.

"मी काय केलं आता?" धाकटा म्हणाला.

"तू कधीच काही करत नाहीस, तेच तुझं भांडवल."

दादाने तक्त्याच्या तळाशी बोट नेलं. तिथे बाबांनी लाल शाईने लिहून खाली रेघ ओढली होती, कुठलीही दहा वर्षं घ्या, तोटा नाही. ते वाक्य त्याने मोठ्याने वाचलं नाही. या घरात ते सगळ्यांना पाठ होतं.

"दोन वर्षं, फार तर तीन," तो म्हणाला. "तोवर दुसरं घर मिळेल. घरं काय पळून जातात?"

"आणि तोवर आईने चार जिने चढायचे?"

"तिने इथेच राहावं असं कोण म्हणतंय?" धाकटा पटकन म्हणाला, जरा जास्तच पटकन. "आमच्याकडे येईल. खोली आहे, लिफ्ट आहे. दादा म्हणतोय ते बरोबर आहे. आता विकण्यात शहाणपण नाही."

मंदीने त्याच्याकडे मान वळवून पाहिलं. चष्म्याच्या दुकानात मालकाने सुटीचा दिवस विचारला तर तीन दिवस विचार करून सांगणारा हा तिचा भाऊ. त्याला आज बाजारातलं शहाणपण कधी आलं?

*

ते शहाणपण सुनेचं, धाकट्याच्या बायकोचं होतं. काल बाळाला अंघोळ घालताना ती नवऱ्याला म्हणाली होती, "दादा थांबा म्हणतील. तू फक्त हो म्हण. पुढचं आपोआप होईल." आता आपलीच शिकवण त्याच्या तोंडून ऐकताना तिने बाळाच्या मानेत तोंड लपवलं. मानेला दुधाचा आंबूस वास येत होता.

तिची रजा संपत आली होती. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत तिच्या जागी ठेवलेली मुलगी आता तिचा कपही वापरत होती. पाळणाघर ती बघून आली होती. स्वच्छ होतं, भिंतींवर बदकं होती. कोपऱ्यातल्या पलंगावर एक मूल रडत होतं, आणि सांभाळणारी बाई दुसऱ्याचं नाक पुसत होती. बाईचं काही चुकत नव्हतं, तिला हात दोनच होते. पण त्या मुलाचं रडणं ऐकत सून घरापर्यंत चालत आली. तेव्हापासून झोपताना ती एकच विचार करायची, की आई आल्या तर. खोलीला तिने पिवळा रंगसुद्धा लावून घेतला होता.

बाळ कुरकुरू लागलं तसं ती त्याला घेऊन स्वयंपाकघरात गेली. मागोमाग आई आली आणि दूध गरम करायला ठेवलं.

"खोलीला रंग दिलाय म्हणे," आई म्हणाली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यानेच. त्याच्या पोटात काही राहतं का?" आईने भांड्यावर नजर ठेवली. "छान असेल. पिवळा मला आवडतो."

सुनेने बाळाचं लाळेरं सरळ केलं.

"मागच्या आठवड्यात तुम्ही इथे राहायला आलात, तेव्हा तू अंघोळीला गेली होतीस ना, मी याला घेऊन खिडकीशी उभी होते. गुडघा गेला. दुखलं वगैरे काही नाही, नुसता नाहीसा झाला, तिथे नव्हताच कधी असा. पलंग मागे होता म्हणून बसले. हा हसला, त्याला वाटलं खेळ आहे."

"तुम्ही बोलला नाहीत."

"बोलणार होते. मग तू ओल्या केसांनी बाहेर आलीस आणि म्हणालीस, किती दिवसांनी शांतपणे अंघोळ झाली." आईने गॅस बंद केला. "मला हा हवाय गं. रोज हवाय. पण तू दिवसभर कामावर, आणि घरात मी एकटी याला उचलणारी, याची मला भीती वाटते. तुझ्या नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणेल, काही होत नाही आई. त्याच्या बाबांचं बघून शिकलाय."

बाळाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि आईच्या पदराकडे हात केला. सुनेने त्याला दिलं नाही. आणि आपण त्याला दिलं नाही हे लक्षात आल्यावर तिचे डोळे भरून आले.

"रडू नकोस. दूध निवेल," आई म्हणाली.

*

बाहेर तिघं भावंडं तोवर एकमेकांना टोचून थकली होती. वाद थकला की ती जुन्या गोष्टींवर येत.

"याला विचार ना, तिसरीपर्यंत का लंगडायचा," मंदी म्हणत होती. "बूट दोन नंबर मोठे. पुढे वर्तमानपत्र कोंबलेलं."

"बाबांचंच पान असायचं," धाकटा म्हणाला. "बाजाराच्या पानावर उभा होतो मी लहानपणी. आणि ते माझे नव्हतेच, दादाचे होते. लाभांश आला की दादाला नवे. माझ्या वाट्याला लाभांशाचा लाभांश."

"मला तरी कुठे नवे मिळाले," मंदी म्हणाली. "मला माझ्या वर्षासारखेच, पडत्या भावाचे."

धाकट्याला हसू आवरेना. वर्षातून दोनदा कंपन्यांच्या लाभांशाचे धनादेश यायचे, आणि त्या संध्याकाळी आई तिघांना घेऊन बाहेर पडायची. आधी बुटांचं दुकान, मग शाळेची फी, मग वाण्याचं मागचं बिल. उरलंच तर आइस्क्रीम. फार क्वचित उरायचं.

दादाही हसायला लागला होता. हसताना त्याची नजर काचेवर होती, आणि हसू अर्ध्यावर थांबलं.

तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर, कंसात, बाबांचं मुंगीएवढं अक्षर होतं. लाभांश पुन्हा गुंतवला असे धरून. वाचता यायला लागल्यापासून त्याने ते वाचलं होतं. दर वर्षअखेरीला त्याच नियमाने नवी ओळ लिहिली होती. आणि तरी त्याने ते आज वाचलं.

परताव्याचा रकाना सोडून तो मधल्या रकान्याकडे गेला. नुसता निर्देशांक. आईबाबांच्या लग्नाचं वर्ष शोधलं. मग बोट खाली नेलं. मंदीचं वर्ष, धाकट्याचं वर्ष, धाकटा शाळेत गेला ते वर्ष. आकडा लग्नाच्या वर्षाहून कमी होता. मंदीच्या वर्षाचा खड्डा दोन वर्षांत भरला होता तो फक्त तिसऱ्या रकान्यात, जिथे प्रत्येक धनादेश पुन्हा बाजारात जात होता. ज्यांनी त्या धनादेशांचे बूट घेतले त्यांच्यासाठी तो कितीतरी वर्षं उघडाच होता.

आणि आईचा लाभांश आजही तिच्या खात्यात येत होता. वीज, औषधं, दूध सगळं त्यातून. दोन-तीन वर्षं थांब, असं तो तिला कुठल्या भरवशावर सांगत होता?

हे फक्त त्याला दिसलं होतं. तो गप्प बसला तर बाबांचं वाक्य तसंच राहणार होतं, आणि मुदतठेवी मोडायला लावल्या ती चूक आणखी काही वर्षं तरी चूक ठरणार नव्हती. आई दुधाची बाटली घेऊन बाहेर आली, मागून डोळे पुसत सून. आई खुर्चीच्या पाठीला धरून बसली. बसताना तिने ओठ दाबले, तेवढंच.

"हा तक्ता आईचा नाही," दादा म्हणाला.

"म्हणजे?" मंदीने विचारलं. "मग काय शेजाऱ्यांचा?"

"यात लाभांश परत घातलाय. दर वर्षी, सगळा. आपण तो घातला नाही. आपण त्याचे बूट घेतले." त्याने मधल्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे आपलं. हे बघ, आणि हे बघ. दहा वर्षं काय, चौदा वर्षं जागचं हललं नव्हतं."

मंदी वाकली. धाकटाही उठून आला. तिघांची डोकी काचेवर एकत्र आली, लहानपणी यायची तशी.

"बाबांना माहीत होतं हे?" धाकट्याने विचारलं.

"त्यांनीच तर लिहिलंय तिथे," आई म्हणाली. "ते धनादेश माझ्या हातात द्यायचे आणि कचेरीत जाऊन तेच पैसे पुन्हा गुंतवायचे. कागदावर. सगळीकडे तसंच मोजतात म्हणायचे, आणि मोजतातही. तक्त्यात कुणी जेवत नाही रे. आपण पाच जण जेवत होतो."

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुम्हाला बूट तर मिळत होते."

"पण मला मुदतठेवी मोडू दिल्यास," दादा म्हणाला. त्याचा आवाज दवाखान्यातला राहिला नव्हता. "तेव्हा तरी."

"सही माझी होती. बाजार चढत होता, मलाही वाटलं, आणखी थोडं. एकट्या तुझ्या डोक्यावर नको घेऊस."

आईने बाटली सुनेकडे दिली, आणि बाळ दूध ओढू लागलं.

"तरीही," धाकटा चिवटपणे म्हणाला, "विकून मागे उरणार किती? महिन्याचं कसं भागणार? त्यापेक्षा आमच्याकडे..."

"घर घेऊ दे त्यांना," सून म्हणाली.

धाकट्याने बायकोकडे असं पाहिलं की मंदीला एकदम सगळं उमगलं, कालची अंघोळ सोडून.

"अगं, कालच तर तू..."

"काल म्हणाले. आज हे म्हणतेय." तिने बाळाची पाठ थोपटली. "बाळाचं आपण बघू. दोघांनी. तुझ्या मालकाला विचार, सकाळी उशिरा येऊ देतात का. आणि तीन दिवस विचार करून नको विचारूस, उद्या विचार."

मंदी काहीतरी बोलणार होती, पण तिने बिस्किट खाल्लं.

"महिन्याचं आम्ही तिघं बघू, आई," दादा म्हणाला.

आईला हेच नको होतं. बाबा गेले त्या दिवसापासून तिने एकाच गोष्टीसाठी हातपाय मारले होते, मुलांकडे काही मागायची वेळ येऊ नये. पोरं चांगली होती, नाही म्हटलं नसतं त्यांनी. पण मंदीने देताना गंमत केली असती, धाकट्याने उशिरा दिलं असतं, आणि दादाने वेळेवर देऊन वर सल्ला दिला असता. तिला ते सगळं आत्ताच दिसत होतं, पुढच्या कितीतरी महिन्यांचं.

"मला ते आवडणार नाही," ती म्हणाली. "आधीच सांगून ठेवते. मी चिडेन, घ्यायला नाही म्हणेन, आणि मग घेईन. पण ते माझ्या स्वतःच्या दारात उभी राहून घेईन."

फोन वाजला. सगळे दचकले, वाट बघत होते तरी. दादा उठू लागला तसं आईने त्याला हाताने बसवलं आणि टेबलाच्या कडेला धरून स्वतः उठली. दलालाचं बोलणं लांबलं. तिने ऐकून घेतलं, दोनदा "हो" म्हटलं, एकदा "नाही, भाव तोच" म्हटलं, आणि फोन ठेवला.

"उद्या सकाळी बाजार उघडला की विक," ती दादाला म्हणाली.

"आणि उद्या वर उघडला तर?"

"तर वर विक."

"आणि आपण विकल्यावर चढला तर?"

आईने बाळाची गळून पडलेली बाटली उचलली आणि पदराने पुसली. "तर ज्याने घेतलं त्याचं भलं होईल. तोही कुणाच्या तरी घरचाच असेल."

*

सोमवारी दुपारी आई पेले कागदात गुंडाळत होती. घाई नव्हती, कागदपत्रांना अजून अवकाश होता, पण रात्री झोप लागली नव्हती आणि हातांना काहीतरी हवं होतं. खिडकीत रेडिओ चालू होता. बातम्यांच्या शेवटी निर्देशांक सांगायचे. लग्नापासून ते तिने ऐकले होते, पूर्वी बाबांच्या सोयीसाठी, नंतर सवय म्हणून.

निवेदिका नेहमीपेक्षा भरभर बोलत होती. मध्यवर्ती बँकेने काहीतरी जाहीर केलं होतं. सकाळच्या पडझडीनंतर निर्देशांकाने उसळी घेतली होती. या वर्षातली एका दिवसातली सर्वांत मोठी.

आईच्या हातातला पेला तसाच राहिला. मनात नको असतानाही आकडेमोड सुरू झाली. इतक्या टक्क्यांनी इतके. म्हणजे पुढच्या हिवाळ्याचं वीजबिल, कदाचित वर्षभराची औषधं. सकाळी विकायच्या ऐवजी दुपारी विकलं असतं, नुसतं जेवण होईपर्यंत थांबलं असतं, तर.

फोन वाजला. तिने आधी रेडिओ बारीक केला, मग विचार बदलून तो पूर्ण बंद केला.

"आई, विकले," दादा म्हणाला. पाठीमागे त्याच्या दवाखान्यातलं यंत्र घरघरत होतं. "सकाळीच. उघडल्या उघडल्या."

"बरं केलंस."

दादा थांबला. लहानपणी काही फुटलं की असाच थांबायचा, मग एका दमात बोलायचा.

"वेळेवर सुटलो बघ. त्यानंतर खालीच चाललाय. अजून पडेल म्हणतात."

आईने बंद रेडिओकडे पाहिलं. काल काचेवर वाकलेलं, मध्ये विरळ झालेलं त्याचं डोकं तिच्या डोळ्यांसमोर आलं.

"हो का?" ती म्हणाली. "मग फारच बरं झालं. तू होतास म्हणून."

पलीकडे दीर्घ श्वास ऐकू आला.

"जेवलास का रे?" तिने विचारलं.

"नाही अजून. एक दात काढायचाय."

"दात कुठे पळत नाही. आधी जेवून घे."